आमच्या गच्च्यांवरचे मेलेले चाफे

चाफा लावणारी चार माणसं एकत्र बसली की फुलांच्या गप्पा पाच मिनिटांत संपतात. मग सुरू होते मयतांची यादी! कोणाचा कुजला, कोणाचा थंडीनं गेला, कोणाच्या सुनेनं बिनपानांची काठी पाहून कचऱ्याच्या गाडीत टाकला. हे किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत. रिकामी कुंडी समोरच पडलेली असते, तिच्याकडे पाहिलं की सगळं आठवतं.

आम्ही चौघं आहोत. मी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहते, टेलिफोन खात्यातून रिटायर झाले, सगळे मला वहिनी म्हणतात. दुसरे बोबडे काका, यांचं रिछाईत लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं, आता बंद केलं. तिसऱ्या त्यांच्या बायको, कुसुमकाकू. आणि चौथे सराफ्यातले सोनी भैया. त्यांना मराठी सगळं समजतं, बोलतात मात्र हिंदीत, म्हणून त्यांच्यासमोर आमचा चाफा लगेच चंपा होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, 'चंपा मंडळी'. नियम एकच. झाड फुललं की फोटो टाकायचा आणि मेलं तरी फोटो टाकायचा. दुसऱ्या प्रकारचे जास्त आहेत.

*

सोनी भैयांनी ऑनलाइन थायलंडचा चंपा मागवला. रंग म्हणे संध्याकाळच्या आभाळाचा, लाल-केशरी! सोबत सर्टिफिकेट आलं, तेही लॅमिनेट केलेलं. भैयांनी ते दुकानात गादीच्या मागे लावलं, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

झाडाला पानं फुटल्यावर आम्हाला पाहायला बोलावलं. कुसुमकाकूंनी एक पान धरलं, टोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भैया, पत्ती का सिरा गोल है. ये तो अपना मंदिरवाला सफेद चंपा है."

भैयांना राग आला. "दीदी, आप सोना परखती हो क्या?"

"नाही बा."

"तो चंपा भी कंपनी को परखने दो. सर्टिफिकेट है हमारे पास!"

दोन वर्षं भैयांनी त्या झाडाला काय नाही खाऊ घातलं! हाडांचा चुरा, मोहरीची पेंड, केळीच्या सालींचं पाणी. गच्चीवर उभं राहवत नव्हतं वासानं. शेवटी फुललं. पांढरं, मधे पिवळं. ग्वारीघाटच्या रस्त्यावर दर चौथ्या देवळापुढे असतं ते.

भैया खव्याची जलेबी घेऊन काकूंकडे गेले. "दीदी, कसौटी आपके पास थी, हमारे पास बस काग़ज़ था."

काकू म्हणाल्या, "झाडाला काहून शिक्षा? ठेवा त्याला." भैयांनी ठेवलं. सर्टिफिकेटसुद्धा अजून तिथेच आहे.

*

मला सगळ्यात वाईट अनुभव माझ्याच अंगठ्यानं दिला.

चाफा आतून कुजतो. वरून काठी ठणठणीत दिसते आणि आत लगदा झालेला असतो. म्हणून खोड दाबून पाहायचं असतं, कडक लागलं तर जिवंत. हे मला काकांनी शिकवलं आणि मी लागले दाबायला! सकाळी चहाआधी, दुपारी कपडे वाळत घालताना, संध्याकाळी दिवा लावून झाला की. नवीन कटिंग होतं, कोवळं. महिन्याभरात बरोबर अंगठ्याच्या जागी काळा डाग पडला, आणि तो वर चढत गेला.

मी काकूंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही रोज त्याचं ब्लड प्रेशर घेऊन राहिल्या होत्या का?"

*

एक चांगलाही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई फक्त रडते.

काकांच्या गच्चीवर जुना पिवळा चाफा होता, डोक्याएवढा उंच. एका सकाळी लंगुरांची टोळी आली. दहा मिनिटांत झाडाच्या सगळ्या फांद्या मोडल्या, चावून पाहिल्या, कडू लागल्या तशा फेकल्या. गच्चीभर पांढरा चीक सांडलेला. काका डोक्याला हात लावून बसले.

काकू खालून वर आल्या. तेव्हा त्यांना जिना चढता येत होता. त्यांनी एकेक फांदी उचलली, चीक पुसला, सगळ्या सावलीत वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. चाफ्याची जखम आठ-दहा दिवस वाळू द्यावी लागते, मगच माती. ओली लावली की गेली.

एका झाडाची अकरा झाली! मला मिळालं, भैयांना मिळालं, काकांच्या बँकेतल्या बाईलासुद्धा मिळालं. त्यानंतर कितीतरी महिने काका गच्चीवर लंगुरांची वाट पाहायचे. एकदा तर केळी ठेवलेली मी स्वतः पाहिली.

*

आता बीचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

चाफ्याला शेंग सहसा धरत नाही. धरली तर पिकायला आठ-नऊ महिने लागतात, आणि तडकली की बिया उडून जातात. काकूंच्या पिवळ्या झाडाला एका वर्षी जोडशेंग धरली. काकूंनी तिच्यावर काकांचा मोजा चढवला आणि सुतळीनं बांधला! काका नवे मोजे घेऊन आले, तर काकू म्हणाल्या, "नवा नको, विरलेलाच पाहिजे, हवा लागते."

बऱ्याच बिया पोकळ निघाल्या. पाच उगवल्या. एकच रोप जगलं.

कटिंग लावलं की मूळ झाडाचंच फूल येतं. बीचं तसं नसतं. बीचं झाड कोणावर जाईल सांगता येत नाही. लाल येईल, पांढरं येईल, जगात कुठेच नाही असं येईल. कळायला तीन वर्षं, कधी चार. आमच्या चौघांत बीपासून झाड कोणीच वाढवलं नव्हतं.

त्याच वर्षी काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. रडणं-बिडणं त्यांच्यात नाही. एकदाच म्हणाल्या, मी शेजारी बसले होते, "वहिनी, मला आता जास्त काही नको. त्याचा रंग पाहून जाईन."

*

त्या ऑगस्टमध्ये काकू पहिल्यांदा दवाखान्यात राहिल्या, आठ दिवस. काका तिथेच बाकावर झोपायचे. इकडे पाऊस थांबेना. कुंड्यांखालच्या ताटल्या कोणी काढल्याच नाहीत, सगळ्या मुळांशी पाणी साचलं. बीचं रोप तेवढं जिन्याच्या छपराखाली होतं म्हणून वाचलं.

काका मधेच एकदा घरी आले आणि त्यांनी नियमाप्रमाणे ग्रुपवर फोटो टाकले. एक, दोन, तीन... नऊ. खाली एक शब्द नाही.  

अर्ध्या तासानं काकूंचा मेसेज आला, दवाखान्याच्या पलंगावरून. "नंबर सहा जिवंत आहे. वरून कापा, आत पांढरं लागेपर्यंत."

काकांनी कापला. तपकिरी, तपकिरी, अजून तपकिरी. वीतभर उरला तेव्हा पांढरं लागलं. तो आजही आहे.

*

त्यानंतरच्या तिसऱ्या जानेवारीचा किस्सा मी आजपर्यंत कोणालाच सांगितला नाही.

पानं गळली की चाफ्याचं पाणी बंद करतात. दिवाळीनंतर नुसती काठी उरते, ती होळीपर्यंत तशीच ठेवायची, थेंब द्यायचा नाही. झोपलेल्या झाडाला पाणी पाजलं की ते कुजतं. हे काका नव्या लोकांना ओरडून सांगायचे. भैयांना तर त्यांनी यावरून एकदा रडवायचं बाकी ठेवलं होतं.

तर एका सकाळी काका स्कूटरवरून माझ्या दारात. कानटोपी, मफलर, आणि तोंड पडलेलं. मला वाटलं, काकूंचं काही झालं.

"वहिनी, बीचं झाड गेलं. अंगठा आत जाऊन राहिला."

"असं कसं गेलं?"

"मी पाणी घातलं."

"तुम्ही? काहून?"

"सुकलेलं दिसून राहिलं होतं. म्हटलं, हे वाचलंच पाहिजे, तर थोडं..."

"किती घातलं?"

काकांनी कानटोपी काढली. मग म्हणाले, "रोज."

मी खूप बोलले त्यांना. नको नको ते बोलले. एवढी वर्षं चाफे लावणारा माणूस! ते माझ्या जिन्याच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग मला आठवलं, काकूंना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं. ते काकाच द्यायचे, छोट्या ग्लासातून. त्या अजून मागायच्या, हे नाही म्हणायचे. खाली बायकोला पाणी नाही म्हणायचं आणि तिच्याच समोरून भरलेला तांब्या वर नेऊन कुंडीत रिकामा करायचा, असं चाललं होतं. माझा राग तिथेच संपला.

"हिला सांगू नका," काका म्हणाले.

माझ्याकडे गुलाबी चाफा होता, सिवनीहून माहेरचा आणलेला. उंची तेवढीच, काठीही तेवढीच जाड. पानं नसली की सगळे चाफे सारखेच दिसतात. आम्ही तो चादरीत गुंडाळून ऑटोत घातला. शेजारच्या तिवारीबाईंनी विचारलंच, "क्या ले जा रहे हो दीदी?" मी म्हटलं, "लकड़ी." त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. हात जोडले त्यांनी!

दुपारी काकू खाली झोपल्या होत्या. आम्ही गच्चीवर मेलेलं उपटलं आणि माझं त्याच कुंडीत बसवलं. बीच्या झाडाचं बूड जाड असतं, माझं तर कटिंगचं. म्हणून काकांनी बुडापर्यंत माती चढवली, हातानं थापून थापून. पाहायला वर येणार कोण होतं? काकूंना जिना सुटून वर्ष झालं होतं. तरी चढवली.

खालून आवाज आला, "वर काय करून राहिले तुम्ही दोघं?"

काका म्हणाले, "मुंग्या लागल्या, मुंग्या!"

झाड मे महिन्यात फुलेल. मेपर्यंत कोण पाहतं, हे आमच्या दोघांच्याही मनात आलं होतं. बोललं कोणी नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

*

आणि काकूंनी मे पाहिला!

सकाळी काकांचा फोन, आवाज बसलेला. "वहिनी, फुललं. या." मी पोचले तर सोनी भैया आधीच हजर. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते नुसते नाचायचे बाकी होते. "दीदी का अपना चंपा! पूरे जबलपुर में किसी के पास नहीं!"

काकू फार वाळल्या होत्या. पलंगाला टेकून बसल्या, केस विंचरून घेतलेले, अंगावर धुतलेली साडी. काका स्टीलच्या ताटलीत फूल घेऊन आले. 

काकूंनी चष्मा लावला. फूल पुढून पाहिलं. मग उलटं केलं, पाकळ्यांची पाठ पाहिली. मग नाकाशी नेऊन डोळे मिटले. माझ्या गच्चीवर बसून माझा गुलाबी त्यांनी शंभर वेळा तरी हुंगला असेल.  काका दाराच्या कडीकडे पाहून राहिले होते.

"कैसा है दीदी?" भैयांनी फोन काढला. "नाम बोलिए, अभी ग्रुप पे डालता हूँ."

काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. 

"रंग छान आहे हो," त्या काकांना म्हणाल्या. "ह्याला तरी थंडीत पाणी घालू नका."