मुद्दाम ठेवलेला फरक

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. नाशिकच्या एका ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला, की ओझरच्या रस्त्यावर एक जुनी मोटार सरळ जाता जाता एकदम डावीकडे गेली आणि कडेला फुलं विकणाऱ्या बाईंना धडकली. बाई वाचल्या, पण पाय मोडला.

पंचनाम्याच्या वेळी मालक म्हणाला, आठवड्यापूर्वीच पंचवटीतल्या मिस्त्रीकडून पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं होतं. वर हळूच सांगितलं, "चाकांत फरक ठेवलाय असं तो स्वतःच म्हणाला होता." मला एवढी खबर पुरली.

मिस्त्रींना सगळी गल्ली चाचा म्हणायची. जुन्या गाड्यांची चाकं सुतळी ताणून लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. भर बाजाराच्या वेळी, सगळ्यांदेखत, मी त्यांना जीपमध्ये बसवलं. ठाण्यात आल्यावर थेट एकेरीवर आलो. फरक ठेवलास का, म्हणून विचारलं.

"ठेवला साहेब. मुद्दाम ठेवला."

झालं, माझ्या लेखी कबुली मिळाली. ते पुढे सांगत होते, की रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. दोन्ही चाकं सारखी लावली तर गाडी डावीकडे ओढते, म्हणून उजव्या चाकाचा कल किंचित वेगळा ठेवायचा. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. जबाबात 'मुद्दाम फरक ठेवला' एवढंच घेतलं. सही करताना ते म्हणाले, "नटांवरची लाल रेघ तेवढी बघा." मी बघितली नाही.

गुन्हा जामीनपात्र, संध्याकाळी ते सुटले. पण चाचांनी गाडी बिघडवली ही बातमी तोवर पंचवटीभर झाली होती.

पुढच्या आठवड्यात मोटार वाहन निरीक्षक आले. आवारातल्या त्या गाडीखाली शिरले आणि मलाही वाकायला लावलं. काम संपलं की चाचा चाक वळवणारा दांडा आणि त्यावरचा नट मिळून लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायचे. नंतर कुणी नट फिरवला तर रेघ तुटलेली दिसते. उजवीकडची रेघ अखंड होती. डावीकडची तुटलेली, आणि नट सैल. चाचांनी ठेवलेला उजव्या चाकाचा कल मात्र अगदी हवा तेवढाच होता.

मालकाला पुन्हा बोलावलं. आवाजही चढवावा लागला नाही. स्टिअरिंग जरा तिरकं वाटलं म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने स्वतःच दांडा फिरवला होता, आणि नट आवळायचा विसरला होता.

चाचांचं नाव मी गुन्ह्यातून वगळलं. गिऱ्हाइकं मात्र परत आणून देता आली नाहीत. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. मला ते एका भल्या माणसाचं नाव घालवल्यावर कळलं.

निवृत्तीनंतर माझी जुनी गाडी घेऊन मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. माफी मागायची होती. त्यांनी ओळखलं. सुतळी ताणून निवांत काम केलं, लाल रेघा ओढल्या. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'उजव्या चाकात मुद्दाम फरक ठेवला आहे', आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"सही करा साहेब. आता सगळ्यांचीच घेतो."

मी सही केली. माफीचं तोंडातच राहिलं.