देवापुढे ठेवलेली पिक्चरची वही

मला पिक्चरचं वेड आहे, असं आमच्या घरात पाहुण्यांना सांगत. साफ खोटं. वेड लागलेल्याला वार कळत नाही, आणि मला तर पुढचे कितीतरी शुक्रवार तोंडपाठ असत. कुठला पिक्चर पणजीत लागलाय, तिथून तो म्हापशाला कधी येणार, आणि आमच्या डिचोलीला पोचेपर्यंत त्याच्या रिळांवर ओरखड्यांचा किती पाऊस पडलेला असणार, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. बघायला मात्र वर्षाला दोनच मिळायचे. तेही देवादिकांचे, आणि तेही सगळ्या घराने रांगेत बसून.

मग मी येणारे पिक्चर जमवायला लागले. त्याला कोण अडवणार?

डिचोलीत मी मुलींना शिवण शिकवायची. गावातून सकाळच्या बसने जायचं, दुपारी डबा खाल्ला की थिएटरपर्यंत एक फेरी मारायची. तिथे दाराशेजारी काचेची पेटी होती. डाव्या बाजूला चालू पिक्चरचे फोटो टाचलेले, उजव्या बाजूला लाल अक्षरांत ‘आगामी आकर्षण’. दारावरचा माणूस हसायचा. म्हणायचा, "बाई, चालू आहे तो बघा की, तिकिटं आहेत." मी म्हणायची, "चालू आहे तो उद्या जाईल. मी येणारेच बघते." तो कपाळाला हात लावायचा.

घरी आले की वहीत नोंद. पुठ्ठ्याची लांब वही होती. हँडबिलं भाताच्या शितांनी चिकटवायची आणि खाली तीन रकाने आखायचे : नाव, कधी येणार, बघितला. पहिले दोन रकाने भरगच्च असायचे. तिसरा जवळजवळ कोराच.

गोवा राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. अख्ख्या गोव्यात भाषेवरून रान पेटलं होतं, आणि आमच्या घरात तर दोन्ही पक्ष एकाच चुलीवर जेवत होते. बाबा मराठीचे, दादा कोंकणीचा. बाबांचं पान वाढलं की दादाला नेमकं काहीतरी आठवायचं आणि तो उठून बाहेर जायचा. बाबा मराठी राजभाषा होण्याची वाट बघत होते, दादा कोंकणी होण्याची, आणि दोघे मिळून घटक राज्य होण्याची. म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीवर जीव लावून बसायची मुभा घरात सगळ्यांना होती. ती फक्त मला नव्हती. "पिक्चर बघून चेडवां बिघडतात," मुलींबद्दलच्या या मतावर मात्र बाप-लेकाचं कधी नव्हे ते एकमत होतं. मला ते ऐकून आग लागायची, आणि आजही आठवलं की लागते.

त्या काचेच्या पेटीत एक फोटो आला आणि मी जागची हलेना. एक बाई ट्रक चालवतेय. साडीचा पदर खोचलेला, हात चाकावर, नजर समोर. आमच्या रस्त्यावरून दिवसभर खाणीचे ट्रक जायचे, सगळं गाव तांबड्या धुळीने माखलेलं, वाळत घातलेल्या कपड्यांपासून ते पदेराच्या टोपलीतल्या पावापर्यंत. पण त्या चाकामागे बाई? अजिबात नाही. मी वहीत त्याला एक पूर्ण पान दिलं. आठ महिने ‘लवकरच’, ‘लवकरच’ चाललं होतं. तेवढ्यात माझं लग्न ठरलं.

स्थळ पेडण्याच्या बाजूचं. चांगलं होतं, माझी तक्रार नव्हती. पण त्या गावाला थिएटर नाही, आणि होणाऱ्या सासूबाईंनी बोलणीतच सांगून टाकलं होतं, "आमच्यात सिनेमे-बिनेमे नाहीत हां." बाबांनी लगेच मान डोलावली. माझ्या वतीने.

लग्न रविवारी. देवळात पहिली पत्रिका ठेवून झालेली. आणि आमच्या घराण्यात चाल अशी, की देवापुढे पत्रिका ठेवली की नवरीने गावाची शीव ओलांडायची नाही. मंगळवारी दुपारी अंगणात बायका लाडू वळत बसल्या होत्या, आणि रस्त्यावरून कर्णा लावलेली जीप गेली. "येत्या शुक्रवारपासून! डिचोलीत! रोज तीन खेळ!" एक गुलाबी हँडबिल उडत मांडवात आलं. उचललं तर तोच. ट्रकवाली!

मी तिथल्या तिथे सांगितलं, "मी शुक्रवारी तीनच्या खेळाला जाणार."

आईच्या हातातला लाडू फुटला. बाबा ओसरीवर कदेलात, म्हणजे त्यांच्या खुर्चीत, बसले होते, ते उठलेच. "शुद्धीवर आहेस ना? रविवारी लग्न, आणि नवरी शीव ओलांडून पिक्चरला?"

"रविवारनंतर मला कोण पाठवणार आहे?"

"नको जाऊस! नाही बघितलास तर मरत नाहीस!"

"मरत नाही. पण तुम्ही भाषेसाठी बंद पुकारता, रस्त्यात झाडं आडवी टाकता, ते झालं नाही तर तुम्ही तरी मरणार आहात?"

बाबांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही शेजारणींसमोर. आणि मग रागाच्या भरात त्यांनी ती चूक केली.

"जा! देवाकच विचार जा! उजवा प्रसाद पडला तर जा खुशाल. आणि डावा पडला तर ती तुझी वही न्हाणीत भाणाखाली जाळायची, आणि पुन्हा पिक्चरचं नाव काढायचं नाही. जन्मात!"

भाण म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं, त्याच्या चुलीत काहीही जळायचं. बाबांना वाटलं मी रडेन. मी आत गेले, पाय धुतले, वही घेतली आणि बाहेर आले. "चला," म्हटलं.

आमच्याकडे देवाला विचारणं हा खेळ नाही. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपलं म्हणणं सांगतात, आणि वाट बघतात. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. जमिनीचे तंटे त्यावर मिटलेत, सोयरिकी मोडल्यात. आणि एकदा पडलेला प्रसाद आमच्या गावात कुणी मोडत नाही, बाबा तर मुळीच नाहीत. म्हणूनच चालताना मी वही छातीशी धरली होती आणि मनात एकच : ही जळली तर मी तिकडे जाऊन काय करणार, कशाची वाट बघणार?

मागून बाबा, दादा, आणि पिठाच्या हातांनी निम्म्या लाडूवाल्या.

देवळातल्या भटमामांनी ऐकलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "पिक्चरचा प्रसाद? आजवर कुणी लावला नाही गो बाय."

"वर्ज्य आहे असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं तसं नाही..."

"मग लावा."

ते पाकळ्या भिजवायला लागले. गाऱ्हाणं कसं घालायचं यावर मागे लगेच वाद. बाबा म्हणाले, "नीट मराठीत सांगा, आरत्या मराठीतच म्हणतो आपण." दादा म्हणाला, "देवाक आमची कोंकणीच कळटा." इथेसुद्धा! मी वळून म्हटलं, "प्रसाद माझा आहे. मी घरात बोलते तसं सांगणार. तुम्ही दोघे गप्प बसा." आणि चमत्कार असा, की दोघे गप्प बसले.

पत्रिका ठेवतात तशी मी वही गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. सांगितलं, "देवा, जाळायची म्हणतात ती ही वही. जाळायची असेल तर डावा दे. ठेवायची असेल तर उजवा दे, आणि मग माझ्या वाटेत कुणाला येऊ देऊ नको." भटमामांनी तेच त्यांच्या लयीत देवाला ऐकवलं. बाबांनी मान हलवली. त्यांना शुक्रवारच दिसत होता.

वाट बघितली. डावीकडची पाकळी जराशी सरकली. बाबांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. ती तिथेच थांबली, अर्धी सुटलेली. मी डोळे मिटले नाहीत. म्हटलं, जे काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. आणि उजवीकडची सरळ खाली आली.

लाडूवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. देवळात! भटमामांनी पाकळी माझ्या ओंजळीत घातली आणि बाबांकडे न बघता म्हणाले, "जाऊंक जाय आता. जायलाच हवं."

शुक्रवारी बाबा स्वतः आले. शिवेवर थांबून त्यांनी गावाच्या राखणदार देवाला नारळ ठेवला, हात जोडले, आणि बसमध्ये माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. हातांना मेंदी लागायची होती, ती संध्याकाळवर ढकलली होती.

आणि पिक्चर? काय सांगू! आठ महिने ज्या बाईसाठी थांबले, तिने ट्रक चालवला एका गाण्यापुरता. गाणं संपलं, घाट आला, आणि हिरो म्हणाला, तू सरक, आता मी बघतो. आणि ती सरकली! हसत! खाली पुढच्या रांगांत खाणीचे ड्रायव्हर शिट्ट्या मारत होते. मी बाल्कनीत उभी राहिले आणि ओरडले, "अरे, चालवू दे तिला! चालवत होती की नीट!" आजूबाजूच्या बायका हसल्या. बाबांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

बाहेर आलो तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "झालं समाधान? ह्यासाठी एवढा तमाशा?"

"नाही झालं," मी म्हटलं, आणि काचेच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिले. "पुढचा बघायला हवा."

"एका पिक्चरचं ठरलं होतं."

"नाही बाबा. डावा पडला असता तर अख्खी वही जळणार होती. तुम्हीच म्हणालात. मग उजवा पडला तो अख्ख्या वहीलाच नको?"

बाबा भर रस्त्यात उभे राहिले. धूळ उडवत दोन ट्रक गेले तरी हलले नाहीत. मग म्हणाले, "वकील व्हायला हवं होतंस," आणि बसच्या दिशेने चालायला लागले. रागावले होतेच. पण रविवारी पाठवणीच्या वेळी माझी पेटी भरताना वही त्यांनीच साड्यांच्या वर ठेवली.

सासरी पंधराव्या दिवशी मी म्हापशाच्या एका पिक्चरचं नाव काढलं. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. मी प्रसादाची हकिकत सांगितली. त्यांचा विश्वास बसेना, त्यांनी माणूस पाठवून भटमामांकडून खात्री करून घेतली. निरोप आला तेव्हा वही मागवून घेतली, आणि मागची कोरी पानं चाळली. "बरं," म्हणाल्या. "देवाच्या शब्दाबाहेर मी नाही. पण ही वही संपली की संपलं हां. दुसरी चालायची नाही."

"दुसरी आणणारच नाही," मी म्हटलं.

पेडण्याहून म्हापशाला बसने जायचे. कधी ह्यांच्याबरोबर, कधी शेजारणीबरोबर, कुणीच नसलं तर एकटी. तिसरा रकाना भरायला लागला. दोन वर्षांत शेवटचं पान आलं. त्या दिवशी दुपारी मी सुई घेतली, दुहेरी दोरा ओवला, कोऱ्या कागदांची घडी घातली आणि त्याच पुठ्ठ्यात, त्याच कण्याला शिवून टाकली. शिवण शिकवत होते, ते काय उगाच?

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्यांनी वही उचलली, कण्यावरून बोट फिरवलं. मी भांडायच्या तयारीने उभी होते. त्यांनी वही परत दिली आणि म्हणाल्या, "टाके घट्ट घाल. सुटतले."

आता त्या नाहीत, बाबाही नाहीत. वहीला किती वेळा पानं शिवली ते मला आठवत नाही, पण पुठ्ठा तोच आहे. घरची पोरं म्हणतात, मोबाइलवर सगळं दिसतं, गुडघे दुखवून कशाला जातेस? दिसत असेल. ह्या शुक्रवारी म्हापशाला एक येतोय. त्यात एक बाई मच्छीमारी बोट चालवते म्हणे. वहीत लिहिलाय, तिसरा रकाना कोरा आहे. शेवटपर्यंत तीच चालवते की नाही, ते मी जाऊन बघणार.