बंद गिअरबॉक्स आणि मुदखेडचे काका
मोटारीत मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की त्याच वासानं भरलेलं नांदेडचं ते जुन्या गाड्यांचं शोरूम आठवतं. आईला दवाखान्यात नेताना, तिथूनच घेतलेल्या आमच्या गाडीचा गिअरबॉक्स चाकूरजवळ बंद पडला होता. "बाहेरच्या मेकॅनिकनं उघडला, वॉरंटी गेली," मॅनेजर म्हणाला. तशीच तक्रार घेऊन आलेले मुदखेडचे एक काका बाहेर चहा पिताना मला म्हणाले होते, "तू बोल लेका, आम्ही हाव की मागं!" मी टेबलावर हात आपटला. "आजारी आईला घेऊन रस्त्यात तुमची वाट बघायची का? हा अन्याय माझ्या एकट्यावर नाही. काका, बोला ना!" काकांनी मॅनेजरनं नुकताच दिलेला दुरुस्ती-मंजुरीचा कागद घडी करून खिशात घातला. "माझं काम होऊन राहिलं, लेका," ते पुटपुटले. गाडीचं काम न होताच मी एसटीनं अहमदपूरला घरी परतलो. अन्यायाविरुद्ध मी आजही बोलतो. फक्त बोलताना मागे वळून बघत नाही.