दोष नेटचा नव्हता

हिंगणघाटात कोणाचा गेम अटकला का पहिले माझ्या नावानं शिमगा! मी धनंजय. कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या वस्तीत घरोघरी नेटची लाइन मीच टाकली. नेट चालते तेव्हा कोणाले माझी आठवण नाई, स्क्रीन थांबली का लागले फोन करायले. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते माझ्याच पुतणीनं, अपेक्षानं.

पोरगी बी.कॉम. झाली. सकाळी एका दुकानात बिलं बनवते, दुपारून ऑनलाइन गेम खेळते. त्याले कोणी टाइमपास म्हटलं का अंगावर धावून येते. नागपूरच्या रीनानं पोरींची एक टीम बांधली, त्यात अपेक्षा नेमबाज. हात तिचा सोन्याचा, पण कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला, पार म्हातारा.

त्या रविवारी दुपारी सामना होता. जिंकल्या तर राज्याच्या स्पर्धेत जागा. पण अपेक्षाचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. रीनानं तिले बजावलं होतं, "ऐन वेळी दरवेळेस तुझाच लॅग, तुझाच गेम मागं राह्यते. आता पुन्हा अडकली तर मी दुसरी पोरगी पाहते."

मग पोरीनं मलेच धरलं. "काका, सामना होईपर्यंत माझ्या बाजूले बसा. लाइन गेली तर तुमचं तोंड पाहणार नाई मी!"

"लाइनले काय धाड भरली?" म्हणत मी बसलो.

सुरुवात झकास झाली. पण जरा वेळानं चित्र दचके खायले लागलं. समोरचा माणूस इथं दिसे अन् एकदम तिथं. अपेक्षा बटण दाबे, गोळी मागून सुटे. "गेलं तुमचं नेट!" ती ओरडली.

माझं टाळकं सरकलं. "काऊन गेलं? कोपऱ्यातला नेटचा आकडा पाय, हिरवा हाय! नेट बराबर येऊन राह्यलं, तुझं मशीनच लंगडून राह्यलं!"

तरी वायर पाहावी म्हणून मी टेबलाखाली वाकलो. हात कॉम्प्युटरच्या डब्याले लागला अन् चटकाच बसला. वरून अपेक्षाच्या आईनं, कोकिळा वहिनीनं शिवलेली झालरवाली खोळ. आमच्या वस्तीत कापसाच्या सीझनमंधी रुई उडते, भाजीत पडते, डोळ्यात जाते. म्हणून टीव्ही, फ्रीज, मिक्सर, सगळ्याईले खोळ. माझ्याही घरी हाय. वहिनीनं तशीच याले घातली, वायरीपुरतं भोक ठेवून. कोणाले त्यात चूक दिसलीच नाई बाप्पा!

आत मशीन उकडून निघत होतं. प्रोसेसर लय तापला का जळू नये म्हणून आपली चाल कमी करते. त्यात चित्र काढायले वेगळं ग्राफिक्स कार्ड नाई, सगळं ओझं त्याच्यावरच. नेटवरून खबर वेळेवर येई, पण स्क्रीनवर चित्र वेळेवर निघत नसे.

राउंड संपला तशी मी खोळ ओढली, बाजूचा पत्रा काढला. पंख्यात रुईचा गोळा!

"अवो भाऊजी, कचरा जाईन ना आत!" वहिनी धावल्या.

"वहिनी, सगळा कचरा आतच हाय! टेबलफॅन आना पहिले!"

मी रुई उपटली, वहिनीनं फॅन लावला, अपेक्षानं चित्राची सेटिंग पार खाली आणली. झाडं खोक्यावानी दिसू लागली, पण दचके थांबले. पोरगी पेटून खेळली. सामना बरोबरीत आला.

शेवटचा राउंड. तिच्या सगळ्या मैत्रिणी पडल्या. उरली एकटी अपेक्षा, अन् समोर एकच. वहिनीनं पदर तोंडात धरला. समोरची भिंतीआडून निघाली. चित्र कसं साफ. अपेक्षानं गोळी झाडली.

हुकली. पुढच्या क्षणी तीच पडली. खेळ खतम.

स्पीकरवर रीनाचा आवाज आला, "पुन्हा लॅगच ना?"

मी जोरजोरानं मान हलवली. हो म्हण ना पोरी, कोणाले कळते! अपेक्षानं माझ्याकडं पाहिलं.

"नाई ताई. आता मशीन चांगलं चालून राह्यलं होतं. माझाच नेम चुकला."

गेली म्हटलं हिची टीममंधली जागा.

"बरं," रीना बोलली. "उद्या प्रॅक्टिस हाय. टाइमावर येजो."

अपेक्षानं स्पीकर बंद केला अन् आईच्या कुशीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. मी उठून अंगणात आलो. नाईतर मलेही रडू फुटलं असतं.