गेटचा रंग वाळेपर्यंत

एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं बसलेल्या बाईला कोणी शहाणपण शिकवू नये, असं माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही. त्यामुळे जळगावचं आमचं घर विकायचं ठरलं आणि ज्याने-त्याने 'हे काही खायचं काम नाही' म्हणून सुनावलं, तेव्हा मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. घर माझ्या डोळ्यांदेखत बांधलेलं. त्याची खोड मला माहीत, त्याची किंमतही मला माहीत.

विकण्याचं कारण साधं होतं. आमच्या यांना काचबिंदू. डाव्या डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलेलं, उजव्याचं किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगेनात. लेक धुळ्याला असते. तिच्या मागच्याच गल्लीत तळमजल्याचं एक घर आम्ही बघून ठेवलं होतं आणि त्या घरमालकांनी होळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. यांची घाई वेगळीच. "आहे तेवढ्या नजरेत नवं घर एकदा नीट बघून घेऊ दे," म्हणायचे. "मग अंधार झाला तरी कुठे पायरी आणि कुठे खांब हे मला ठाऊक असेल." हे ऐकल्यावर होळी मला फार जवळ वाटायला लागली.

दिवाळी झाली तरी घर जागचं हलेना. तीन गिऱ्हाइकं आली आणि तिन्ही गेटवरूनच परत गेली. आतली फरशी, स्वयंपाकघर, मागची विहीर, कोणी काही पाहिलंच नाही. एजंट म्हणाला, "ताई, घर आतून सोन्यासारखं आहे, पण लोक आत आले तर ना. आधी पुढची बाजू सुधरवा."

पुढची बाजू खरंच बघवत नव्हती, ते मी मान्य केलं. काळ्या मातीने कंपाउंडच्या भिंतीला तिरपी चीर पाडली होती. गेट एका बाजूला खचलेलं, उचलून धरल्याशिवाय लागत नसे. कोपऱ्यात जुन्या कूलरचा सांगाडा, उरलेल्या फरशा, फुटक्या कुंड्या आणि गाजरगवत. आपण रोज त्यातूनच जातो-येतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. मी पदर खोचला.

पंधरा दिवसांत मी ते अंगण ओळखू येणार नाही असं केलं. भंगारवाल्याला बोलावून कोपरा मोकळा केला. गवंडी लावून चीर बुजवली, गेट वर उचलून घेतलं, गेटपासून ओट्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. नर्सरीतून चाफा, जास्वंद आणि दोन रांगा शेवंती आणली. कुंड्यांना ठिबकच्या नळ्या जोडल्या, म्हणजे आम्ही धुळ्याला गेलो तरी पाणी चुकायला नको. नर्सरीवाला म्हणाला, "शेवंती आता लावून काय उपयोग, महिनाभरात संपेल." म्हटलं, "मलाही महिनाभरच हवीय." शेवटी गेट उरलं. त्याला मी गडद हिरवा ऑइलपेंट निवडला.

आता आमच्या शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या डाव्या भिंतीला लागून गादीवाल्यांचं घर आहे. पुढे पत्र्याची शेड, तिच्यावर मराठी आणि उर्दूत नावाचा बोर्ड, शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन, मागे राहतं घर. मूळचे धरणगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजारी. ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांच्या बायकोला भाभी. भाऊ गरीब स्वभावाचे. भाभी मात्र माझ्याच जातकुळीच्या, म्हणजे तोंडाने फटकळ. तीस वर्षांत आम्ही दोघी किती वेळा भिंतीवरून भांडलो असू याचा हिशेब नाही, आणि एकही भांडण दुसऱ्या दिवसापर्यंत पोचलेलं नाही.

भांडण एकाच गोष्टीचं. मशीन चाललं की कापसाची लव उडते. ती वाळत घातलेल्या धुण्यावर बसते, दुधावर बसते, आणि चैत्रात गच्चीवर बिबडे घातले की त्यांच्यावर बसते. ज्वारीच्या ओल्या बिबड्याला एकदा लव चिकटली की ती तळणीतही सुटत नाही. पहिल्या वर्षी मी आख्खी परात भिंतीवरून भाभींच्या पुढ्यात धरली होती. त्यानंतर रिवाजच पडला. वाळवणाच्या दिवशी मी सकाळी भिंतीवरून नुसतं ओरडायचं, "भाऊ, आज वाळवण!" की मशीन बंद. का, किती वेळ, कोणाचं काम अडलं, एक प्रश्न नाही. संध्याकाळी पहिली चळत त्यांच्या घरी जायची. आमच्या लेकीच्या लग्नातल्या गाद्याही भाऊंनीच भरल्या, आणि त्या दोन दिवसांत घरचं सगळं सांभाळून भाभींनी मला मांडवातून हलू दिलं नाही.

तर, गेटला पहिल्यांदा रंग दिला त्या दिवशी मी भाऊंना सांगायला विसरले. संध्याकाळी बघते तर गेटला पांढरी दाढी फुटलेली. पेंटर कपाळाला हात लावून बसला. सगळं घासून काढावं लागलं. सोमवारी पुन्हा रंग द्यायचा होता, म्हणून सकाळीच भिंतीपाशी जाऊन मी म्हटलं, "भाऊ, गेट रंगवतेय. वाळेपर्यंत मशीन बंद ठेवाल?"

"ठेवस ना ताई, त्यात काय," भाऊ म्हणाले आणि आत जाऊन बटण बंद केलं.

तुळशीचं लग्न उरकून गेलं होतं, म्हणजे लग्नसराईचे दिवस. गादीवाल्याचं वर्षाचं पोट याच दोन महिन्यांवर भरतं. हे मला ठाऊक होतं. पण दोन दिवसांचा तर प्रश्न.

मंगळवारी संध्याकाळी रंग खडखडीत वाळला. त्याच वेळी एजंटचा फोन आला. चोपड्याकडची एक पार्टी रविवारी येणार होती, घाईत होती, घर पटलं तर लगेच करणार होती. मग तो जरा आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मी दुपारी तुमच्या गल्लीतून गेलो. शेजारचं मशीन बंद आहे. शांत वाटतं हो. रविवारपर्यंत असंच राहू दे. आणि तो बोर्ड वगैरे... म्हणजे शेजार कोणाचा आहे, ते पहिल्या भेटीत कशाला दिसायला हवं? तुम्हाला समजतंय ना?"

मला समजलं होतं. खिडकीतून अख्ख्या फलाटाला गप्प करणारी मी, माझी जीभ त्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे. "बघते," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी भाऊ भिंतीपाशी आले. "ताई, रंग वाळना का?"

"अजून चिकटतोय, भाऊ," मी म्हटलं. "थंडी आहे ना."

तीस वर्षांतलं हे पहिलं खोटं. ते इतक्या सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. गुरुवारी भाऊंनी तेच विचारलं, मी तेच उत्तर दिलं. शुक्रवारी पुन्हा. दुपारी जेवताना हे म्हणाले, "भाऊंचं मशीन बिघडलंय का? चार-पाच दिवस आवाज नाही." "असेल," म्हणून मी ताटात भात वाढला. दिसणं कमी झाल्यापासून यांचे कान फार तिखट झालेत.

शनिवारी सकाळीही तेच. दुपारी शेडपुढे एक छोटा हत्ती, मालाचा टेंपो, येऊन थांबला. मागे घरच्या शेतातल्या कापसाची गाठोडी, पुढे नवरा-बायको, पहूरकडचे असावेत. मुलीच्या गाद्या भरून न्यायला आले होते. मी ओट्यावर शेवंतीची वाळकी पानं काढत होते, सगळं ऐकू येत होतं.

"लगन आठ दिवसांवर आलं हो," तो माणूस म्हणत होता.

"मंगळवारले लई या," भाऊ म्हणाले. "आते मशीन चालावता येत नही. शेजारनी ताईना गेटले रंग देयेल शे, वाळू द्या."

त्या बाईने वळून माझ्या गेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. गाडी वळवून ते गेले. मी तिथून उठले आणि घरात येऊन उगाच भांडी घासत बसले. मला माझी लाज वाटत होती, पण संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन खरं सांगावं एवढी वाटत नव्हती, हेही खरं. होळी डोळ्यांपुढे होती. यांचा उजवा डोळा होता. एक दिवस राहिला, एवढं उरकू दे, मग भाऊंना सगळं सांगू, असं मी स्वतःला बजावलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस असंच बजावत असतो.

रविवारी सकाळी सडा टाकायला बाहेर आले आणि थबकले. भाऊ स्टुलावर उभे राहून शेडवरच्या बोर्डावर पांढरी चादर टाकत होते. शेडपुढचा रस्ता धुतलेला. मशीनवर ताडपत्री. पत्र्याला, तारांना वर्षानुवर्षं चिकटलेली लव झाडून काढलेली. नेहमी बाहेर असणारी गाद्यांची चळतसुद्धा आत गेली होती. माझ्या बाजूच्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या दोन कुंड्या आणून ठेवल्या होत्या. भाऊंचं घर जणू तिथे नव्हतंच.

"भाऊ, हे काय?" मी विचारलं.

भाऊंनी स्टुलावरूनच सांगितलं, "आज गिऱ्हाईक येवाव शे ना. गल्लीमा बठ्ठासले ठावं शे." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते खाली उतरले, हात झटकले. "रंग मंगळवारलेच वाळी गयथा, ताई. मी हात लाई पाह्या."

मंगळवारी. म्हणजे बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी ते रोज भिंतीपाशी येऊन जे विचारत होते, ते रंगाचं नव्हतंच. चार सकाळी त्यांनी मला खरं बोलायची संधी दिली आणि चारही सकाळी मी थंडीचं कारण सांगितलं.

"भाऊ, मी खोटं बोलले," एवढं म्हणता आलं.

"मशीन बंद ठेवा म्हणशात तर म्हैनाभर ठीवसू," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडे पाहतही नव्हते. "पण आम्ही दिसाले नको, हाई तुम्ही मन्ह्या तोंडवर सांगाले पाह्यजे व्हतं. मी चादर बुधवारलेच टाकी देतू."

शेडमागच्या दारात भाभी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. तीस वर्षांत भाभींनी मला शिव्या दिल्यात, पण दार कधी लावलं नव्हतं.

मी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि चादर खाली ओढली. साठी उलटलेल्या बाईने असं स्टुलावर चढू नये, पण मला राग आला होता आणि तो फक्त माझा मला आला होता. "मशीन चालू करा, भाऊ," मी म्हटलं. ते हलले नाहीत. "तुम्ही नाही केलं तर मी करीन. बटण कुठेय मला माहीत आहे." मग त्यांनी ताडपत्री काढली.

दहा वाजता पार्टी आली तेव्हा मशीन पूर्ण जोरात होतं आणि लव शेवंतीवर उतरत होती. एजंटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी गेट उघडून पार्टीला सांगितलं, "आधी शेजार बघून घ्या, मग घर बघा. आवाज सकाळी नऊ ते सहा. लव उडते. माणसं आपल्यापेक्षा चांगली आहेत." त्या गृहस्थांनी बोर्ड वाचला, एजंटकडे पाहिलं, "उन्हात फार वेळ थांबता येत नाही" असं काहीतरी म्हणाले आणि गेटवरून परत गेले. एजंटने त्यानंतर माझा फोन उचलला नाही. मीही दोनदाच केला.

भाऊ चार दिवसांत पूर्वीसारखे बोलायला लागले. पहूरच्या गाद्या त्यांनी सगळं घर कामाला लावून पोचत्या केल्या. भाभी मात्र बोलेनात. मी भिंतीपाशी जाऊन माफी मागितली, त्यांनी ऐकली आणि धुणं घेऊन आत गेल्या. तिळगूळ पाठवला, तो घेतला, निरोप नाही. हे रोज विचारायचे, "बोलल्या?" मी मान हलवायचे आणि मग लक्षात यायचं की मान हलवलेली आता यांना दिसत नाही. "नाही," मग तोंडाने सांगायचे. घर विकलं जात नव्हतं त्यापेक्षा हे मला जास्त खात होतं. आता मी गिऱ्हाइकांना घर स्वतःच दाखवत होते आणि मशीन चालू असतानाच बोलावत होते.

होळीला तीन आठवडे उरले असताना एक तरुण जोडपं आलं. तो शाळेत शिक्षक, ती शिवणकाम करणारी. त्यांनी अख्खं घर पाहिलं, मागची विहीरसुद्धा. परत अंगणात आल्यावर ती मुलगी जरा मोठ्याने, मशीनच्या आवाजावर आवाज चढवत म्हणाली, "काकू, खरं सांगा, शेजार कसा आहे?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर भिंतीवरून आलं. भाभी ओलं लुगडं पिळत उभ्या होत्या. अडीच महिन्यांनी त्या माझ्या अंगणाकडे तोंड करून बोलत होत्या.

"शेजार चांगला शे, बेटी," त्या म्हणाल्या. "मधमा चार दिन बिघडना व्हता. आते दुरुस्त व्हई गया."

आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय वं, खोटं सांगस का मी?"

"नाही," मी म्हटलं. त्याहून जास्त बोलले असते तर रडले असते.