भातवाढीची मूठ

लग्न होऊन मी मुंबईत जोगेश्वरीच्या घरात आले, तेव्हा एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. भात वाढणार सासूबाई. मी मासे साफ करावेत, नारळ खवावा, चूल फुंकून डोळे लाल करून घ्यावेत. पण भातवाढीला हात लावायचा नाही. कोकणातून आलेल्या त्या घराची ती रीत होती. जिच्या हातात भातवाढी, तिचं घर. ती सुनेला द्यायची ती एकदाच, आणि दिल्यावर परत मागायची नाही. त्यांच्या सासूने ती अंथरुणाला खिळल्यावर दिली होती, हे त्या मला अधूनमधून ऐकवत. मला तिची हौस नव्हती. वाढणारीच्या वाट्याला शेवटी गार भात येतो, एवढं मी माहेरी पाहिलं होतं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. गिरणीच्या सुतारखात्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले तरी रंधा सुटला नव्हता. माणूस अबोल, आणि त्या न बोलण्याचाच धाक. एक शीत ताटाबाहेर पडलं की ते जेवायचे थांबत आणि त्या शिताकडे बघत राहत, वाढणारी ते उचलेपर्यंत. ओरडले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या वर्षी पेज गाळताना सासूबाईंचा उजवा हात भाजला. तपेलं चिमट्यातून निसटलं आणि त्यांनी ते उघड्या हाताने सावरलं, भात सांडू नये म्हणून. भात वाचला, तळहात गेला. पुष्कळ दिवसांनी जखम भरली, पण नवी कातडी आखडून आली. बोटं अर्धीच मिटत. डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी जाड, गुळगुळीत हातात धरून मूठ मिटायची सवय करा. मामंजींनी गिरणीतून आठवण म्हणून आणलेला एक जुना धोटा होता. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. त्याची लोखंडी टोकं काढून त्यांनी तो बायकोला दिला. दुपारभर दारात बसून त्या तो दाबत असत.

तोवर मी तात्पुरती वाढत होते. एक दिवस त्यांनी माझ्या हातून भातवाढी घेतली. पितळेची होती, दांडा बोटाएवढा बारीक. त्या बोटांत तो फिरला आणि भात मामंजींच्या ताटाच्या कडेवर, निम्मा जमिनीवर पडला. मामंजी थांबले आणि सवयीने त्या शितांकडे बघत राहिले.

सासूबाईंनी एकेक शीत उचललं. मग भातवाढी माझ्यापुढे ठेवली.

"आता तूच वाढ गो. माझ्या हातात काय रवना नाय."

मी म्हटलं, "आई, हात बरा होईपर्यंतच हं." मामंजींचा घास हातातच राहिला. त्यांना आपण काय केलं ते तेव्हा कळलं असावं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांना पुढचा भात विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फणसाच्या लाकडाचा एक तुकडा काढला. वीतभर मूठ तासली, मध्ये फुगीर, टोकांना निमुळती. पितळी दांडा तिच्यात घट्ट बसवला. भातवाढीला एक, झाऱ्याला एक, उलथण्याला एक. मुठी देखण्या झाल्या होत्या. पण कोरं लाकूड राखेने घासलं, पाण्यात बुडलं की त्याची कुसं वर येतात, आणि त्या तळहाताला कापडाची शिवणसुद्धा सोसत नसे. काहीतरी टिकाऊ लावायलाच हवं होतं.

आधी लाख झाली. लाख विरघळवायला स्पिरिट लागतं, आणि तेव्हा दारूबंदी. सांताक्रूझच्या एका ओळखीच्या पॉलिशवाल्याकडून त्यांनी तयार पॉलिशची बाटली आणली, तीही पिशवीत वर्तमानपत्राखाली लपवून, जणू हातभट्टीच. शेजारणीने वास घेऊन मला विचारलं, "काय गं, तुझा सासरा या वयात प्यायला लागला काय?" मुठी आरशासारख्या चमकल्या. आठवड्याच्या आत भाताच्या वाफेने पांढऱ्या पडल्या आणि हाताला चिकटू लागल्या. मामंजींनी काचेच्या तुकड्याने सगळं पॉलिश खरवडलं.

मग त्यांना गाव आठवलं. मुंबईत काही अडलं की ह्या लोकांना गाव आठवतंच. गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी काजूच्या टरफलांचं तेल मागवलं. काळं, दाट. होड्यांना लावतात, गोठ्याच्या खांबांना लावतात. वाळवी फिरकत नाही. त्यांनी दोन हात दिले, उन्हात वाळवलं. मुठी काळ्याभोर झाल्या, पाण्याचा थेंब वर ठरेना. त्या दिवशी मामंजी चक्क हसले. सासूबाईंनी भातवाढी घेतली, रिकामीच, आणि दारात बसून मूठ मिटायचा सराव केला.

सकाळी तळहातावर फोड आले होते. टरफलाचं तेल अंगाला लागलं की उततं, हे कोकणात पोरालाही ठाऊक असतं; वाळल्यावरही त्या नाजूक कातडीला ते सोसलं नाही. मामंजी फोडांकडे बघत उभे राहिले.

"होडयेक लावतत ता," ते म्हणाले. "पान्यात कुजना नाय."

"होडयेक कोण दिवसभर हातात धरून बसता?" सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही, दमून.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही, पण ताट झाकून ठेवलं. माझा राग तोवर निम्मा उतरला होता.

फोड बसले तशा सासूबाई पुन्हा धोटा घेऊन दारात बसू लागल्या. मामंजी नव्या मुठी तासत होते. जुन्या त्यांनी तोडून टाकल्या होत्या. सासूबाईंनी धोटा त्यांच्यापुढे धरला.

"ह्यो मी रोज धरतंय. ह्यो माका कधी चावलो नाय. ह्येका काय लावलात?"

मामंजींचा हात थांबला. आयुष्यभर ज्याने पोट भरलं ते त्यांना आठवलं नव्हतं. धोटा विणकराच्या हातात पाळीभर असतो, म्हणून सुतारखात्यात तो जवसाच्या तेलात मुरवत. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेलं जवसाचं तेल त्यांनी अंधेरीहून आणलं. पण ह्या वेळी घाई केली नाही. फडक्याने पातळ हात द्यायचा, तेल आत मुरू द्यायचं, वर उरलेलं टिपून काढायचं, मग ऊन. पुरतं वाळल्याशिवाय दुसरा हात नाही. टिपायला कंटाळलं की मूठ जन्मभर चिकट राहते, असं ते स्वतःशीच बोलावं तसं मला सांगत. तेलाची फडकी ते पाण्यात बुडवून ठेवत. गिरणीत अशा फडक्यांच्या ढिगाने आपोआप पेट घेतलेला त्यांनी पाहिला होता.

मुठी वाळल्या तरी त्यांनी त्या बायकोच्या हाती दिल्या नाहीत. भातवाढीची मूठ दांड्यावर बसवण्याआधी फडक्याने स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूला बांधली आणि तशीच बाळगून चाळीत हिंडले. लोकांनी विचारलं, दंडाला काय ताईत बांधला? ते "होय" म्हणाले. रोज फडकं सोडून कातडी बघत. मला बोलावून म्हणत, "तू बघ गो. माझी नजर चुकात." कातडी स्वच्छ होती. त्या म्हाताऱ्या दंडाकडे बघताना मला भरून आलं, हे आता सांगायला हरकत नाही.

मग एका दुपारी, पानं मांडल्यावर, मी नवी मूठ बसवलेली भातवाढी सासूबाईंपुढे ठेवली. दिलेली भातवाढी परत मागायची नाही अशी रीत होती. परत द्यायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याची बरणी शोधायला उठले.

वळून पाहिलं तेव्हा त्यांनी ती धरली होती. बोटं पूर्ण मिटली नव्हती, कधीच मिटली नाहीत, पण मूठ जाड होती, ती त्यांत मावली. भात भरून त्यांनी हात मामंजींच्या ताटावर नेला. भातवाढी किंचित कलली. निम्मा भात ताटात पडला, बाकीचा बाहेर, जमिनीवर.

सासूबाई तशाच थांबल्या.

मामंजींनी शितांकडे पाहिलं नाही. जमिनीवरचा भात बोटांनी गोळा केला, ताटात घेतला, आमटी ओतून कालवला आणि पहिला घास त्याचाच खाल्ला. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

"आणि थोडो वाढ," ते म्हणाले.