गेनूआबांची डाक

गेनूआबा बाभळीच्या खोडालाही रामराम घालत. म्हशीला घालत, एकदा तर कुंपणावर वाळत टाकलेल्या घोंगडीलाही घातला. वीस-पंचवीस पावलांवर काही उभं आहे असं वाटलं की त्यांचा खणखणीत आवाज पुढे जायचा, "रामराम हो!" समोर माणूस असला तर उत्तर यायचं, "रामराम आबा, आज लवकर निघाली डाक." मग आबा त्याचं नाव घेऊन एखादा टोमणा मारत आणि न थांबता पुढे पळत. उत्तर आलं नाही तर "माजलाय" एवढंच पुटपुटत. गावाला वाटे, म्हातारा थट्टेखोर आहे. पहिले पंधरा दिवस मलाही तसंच वाटलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. श्रीगोंदे तालुक्यात भीमेकाठच्या एका गावात पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं आणि वडील त्या कामावर इंजिनियर होते. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून अकरावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत तिथे राहायला आले होते. मराठी मला घरात बोलता यायचं, चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नसे. शाळेत मला एकच गोष्ट बरी जमत होती, लांब पल्ल्याचं पळणं. ते मी गावातही चालू ठेवायला गेले आणि तिसऱ्या दिवशी आईने बंद केलं. मुलगी पळताना दिसली की लोक आधी तिच्यामागे कोण लागलंय ते पाहतात, आणि कोणीच नसलं तर घरी येऊन आईला विचारतात.

आबा टपाल खात्याचे रनर होते. रोज सकाळी सातला गावच्या पोस्टातून थैली खांद्याला लावून, घुंगरांची काठी घेऊन ते नदीकाठानं चार मैल पळत, पेडगावच्या पडक्या किल्ल्यातून पार होऊन पलीकडच्या फाट्यावर एसटीत थैली देत आणि आलेली घेऊन परत येत. आमच्या घरची चर्चा त्यांच्या कानावर गेली असावी. एकदा पत्र द्यायला आले तेव्हा ते उंबऱ्याबाहेर उभे राहून आईला म्हणाले, "डाकेच्या मागं पळती म्हना बाई. सरकारी काम हाय, कोन काय बोलतंय?" आई हसली. आबा माझ्याकडे वळले. "पर माझ्या म्होरं जायाचं न्हाई. डाकेच्या म्होरं फकस्त कुत्रं जातं."

अशी मी त्यांच्या मागे पळू लागले. गावाबाहेरचा मारुती, मग नदीच्या वाळूला लागून जाणारी पांद, मग काळ्या दगडाचा तट आणि त्याची पडकी कमान. आत लक्ष्मीनारायणाचं कोरीव देऊळ, ज्याच्या भिंतीवरच्या बायकांचे दागिने सकाळच्या तिरप्या उन्हात मोजता यायचे. उजवीकडे खाली भीमा, त्या वर्षी नुसती वाळू आणि मधे मधे डोह. आबा वळून कशाकडेही पाहत नसत. ओठ मात्र सतत हलत असत. मला वाटायचं, नाव घेतात देवाचं. एकदा अगदी जवळून पळताना ऐकू आलं, "एकशेबारा, एकशेतेरा, चवदा, आता खड्डा." आणि त्यांनी खड्डा ओलांडला.

त्या दिवशी फाट्यावर मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती. रामराम उत्तरासाठी होता. माणूस बोलला की आबांना तो आवाजावरून कळायचा.

त्यांना कळलं की मला कळलंय. परतीच्या वाटेवर कमानीपाशी थांबले. "पोस्टाच्या साहेबांना सांगनार व्हय?"

"नाही."

"पांढरं तेवडं पांढरं दिसतं. बाकी समदं धूर. पर पायांना दिसतंय की. बावीस वर्सं झाली ह्या वाटंवर." मग काठी जमिनीवर टेकवून म्हणाले, "डाक काढून घेतली तर मी घरात बसनार. घरात बसलेला रनर म्हंजी काय, सांग बरं? मढं. उचलायचं राहिलेलं."

नगरला डोळ्यांचं ऑपरेशन होतं हे मी ऐकलं होतं. ते सांगितलं. "तितं गेलं की महिनाभर दुसरा मानूस लावत्यात," ते म्हणाले, "आन् दुसरा एकदा लागला की पयला कुनाला आठवत न्हाई." विषय संपला.

पुढच्या महिन्यात आबांविरुद्ध तक्रार गेली. त्यांच्या हातून एका घरची तार दुसऱ्या घरी पडली होती. तालुक्याहून निरोप आला की टपालाचे ओव्हरसियरसाहेब शनिवारी येतील आणि रनरबरोबर सगळी लाइन स्वतः चालून बघतील. आबा दोन दिवस टोमणे मारायचे विसरले. त्यांना सगळ्यात जास्त भीती होती ती किल्ल्यातल्या एका वळणाची. देवळापुढे वाट सरळ नदीकडे जाते आणि तटाच्या कडेला संपते. तिथे जुन्या काळी हत्ती लावून नदीचं पाणी वर ओढायची मोट होती. तिचा दगडी खळगा तीन पुरुष खोल आहे आणि त्याचा कठडा ढासळलेला. त्याच्या बऱ्याच अलीकडे डावीकडे वळायचं. वळणावर गुडघ्याएवढी एक वीरगळ उभी होती, लढाईत पडलेल्या कुणाची तरी, झिजलेली. आबा देवळापासून पावलं मोजत तिथवर येत आणि काठीनं तो दगड चाचपून वळत. रोज चालायचं ते. साहेबासमोर चाचपणार कसं?

बुधवारी दुपारी आमच्या क्वार्टरला चुना लावत होते. मी करवंटीभर चुना आणि कुंचा घेतला, सायकलवर किल्ल्यात गेले आणि वीरगळ पांढरी करून आले. कोणी पाहिलं नाही. इतकं शहाणपणाचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, असं मला वाटलं.

गुरुवारी आबा देवळापासून निघाले आणि थबकले. "आरं, धोंडा चमकतोय." मग वळून, "कुनी लावला चुना?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

खोटं बोलायचं कारण नव्हतं. कौतुक झालं असतं तर काय बोलायचं ते मला सुचलं नसतं, एवढंच. आबांनी मात्र त्या दिवशी तिथली पावलं मोजली नाहीत. पांढरं दिसलं तिथे ते ऐटीत वळले. शुक्रवारीही तसंच. दगडावर तोवर कुंकू पडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी वडिलांच्या जीपमधून मी किल्ल्यात गेले. तलावाच्या कामावरच्या पंधरा-वीस बायका तिथे जमलेल्या होत्या. घमेली बाजूला, हातात पहारी. एक मला म्हणाली, "बाई, रातीत पांढरा झाला बगा देव. म्हसोबा हाय." दुसरी म्हणाली, "उनात ठिवू नये म्हनून हलवला. आता पाऊस देतोय का न्हाई बग." वीरगळ वळणावरून उचलून तीस-चाळीस पावलं पुढे, कडुनिंबाच्या सावलीत नेली होती. शेंदूर फासला होता. खाली दगडांचा ओटा रचून त्याला पांढराफेक चुना दिला होता. कडुनिंबाच्या पलीकडे दहा पावलांवर मोटेचा खळगा. पहिल्या बाईनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

मला तेव्हाच आबांच्या घरी जायला हवं होतं. पण दगड हलला हे सांगायचं तर का हलला तेही सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, सकाळी पोस्टापाशी सांगू.

सकाळी पोस्टापाशी ओव्हरसियरसाहेब आधीच उभे होते. पँटला क्लिपा, मनगटावर घड्याळ, आणि हात आबांच्या खांद्यावर. माणूस चांगला होता. "चला आबा, आज मी तुमचा पाहुणा," असं म्हणून त्यांनी सायकल काढली. मी आबांच्या जवळ सरकले तर ते हळूच म्हणाले, "मागं ऱ्हा पोरी. आज लई बोलायचं न्हाई." जशी मी रोज फार बोलत होते.

पांदीतून आबा असे पळाले की साहेबांना सायकल रेटत दम लागला. तीन रामराम झाले, तिन्ही बरोबर लागले. कमानीपाशी साहेबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि आबांच्या मागोमाग पळू लागले. मी त्यांच्या मागे. वाट अरुंद, पुढे जायला जागा नाही. देवळापासून आबांनी मान वर केली आणि मला त्यांचे ओठ दिसले नाहीत, तरी ते हलत नसणार हे मला ठाऊक होतं.

वळण आलं. आबा वळले नाहीत. कडुनिंबाखालच्या पांढऱ्याकडे घुंगरं वाजवत सरळ निघाले. दगडापाशी ते डावीकडे वळतील असं मी धरून चालले, पण ओट्याच्या डावीकडे बायकांनी उकरलेला ढिगारा होता. त्यांचा पाय त्याला लागला आणि ते उजवीकडे झाले. साहेब घड्याळ पाहत होते. हाक मारली तर सगळं कळणार होतं. एक पाऊल गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मी किंचाळले, "आबा, थांबा! पुढे मोट आहे!"

ते जागच्या जागी थांबले. काठी पुढे केली. काठीचं टोक हवेत होतं.

साहेब पुढे गेले, खळग्यात वाकून पाहिलं, आणि आबांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. आबांनी मान खाली घातली. साहेब माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारू लागले, याला किती दिसतं, कधीपासून, तुला ठाऊक होतं का. कदाचित आबांना लाजवू नये म्हणून असेल. त्या भाषेत मी काहीही सांगू शकले असते. आबांना त्यातला एक शब्द कळला नसता. मी सगळं सांगितलं, चुन्यासकट. साहेब ऐकत राहिले. म्हणाले, चूक तुझी असेल, पण डोळे त्याचे आहेत.

थैली वेळेवर फाट्यावर पोचली. ती आबांनीच नेली, साहेबांनी काढून घेतली नाही. एसटी गेल्यावर मात्र आलेली थैली साहेबांनी स्वतःच्या खांद्याला लावली, काठी मागून घेतली आणि सायकलीकडे झपाझप चालू लागले. सोमवारपासून दुसरा माणूस येणार होता.

आम्ही दोघं मागे राहिलो. आबा पहिल्यांदाच त्या वाटेवर चालत होते. फाटा मागे पडल्यावर म्हणाले, "साहेबाला काय बोलली?"

"खरं."

"कंचं?"

"दिसत नाही म्हणून. आणि चुना मी लावला म्हणून. दगड हलवलेला काल पाहिला होता, तुम्हाला सांगितलं नाही, तेही."

ते थांबले. मला वाटलं, आता बोलतील ते मी जन्मभर ऐकत राहीन. ते म्हणाले, "हाक तरी मारलीस. पर एक दीस आदी मारायची हुतीस गं." तेवढंच. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

किल्ल्याच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोन वर्सं झाली, ही वाट मी बघितली न्हाई. पळत हुतो नुस्ता. आज काय घाई न्हाई. सांग बरं, काय काय हाय."

मी तटापासून सुरुवात केली. कुठला बुरूज उभा आहे, कुठल्यावर पिंपळ फुटलाय, कमानीचा कुठला दगड सुटलाय. देवळाच्या भिंतीवरच्या बायका, एकीच्या हातातला आरसा, एकीच्या पायाशी माकड. शब्द सापडत नव्हते तिथे ते पुरवत होते, "त्याला महिरप म्हनत्यात." मी चुकले की चटकन थांबवत, "तितं बुरूज न्हाई, नीट बग." मी पुन्हा पाहायची आणि तिथे बुरूज नसायचा. चार मैलांना तीन तास लागले. त्यापूर्वी कोणाशी मी इतकं बोलले नव्हते.

गावाजवळ आल्यावर ते नदीच्या बाजूला वळून उभे राहिले.

"पानी कितपत हाय?"

खाली वाळूचं पात्र पसरलं होतं. मधला डोह कालच्यापेक्षाही आटला होता आणि त्याच्या काठावर चार बायका वाटीनं हंडे भरत होत्या. मी ते जसंच्या तसं सांगितलं, वाट्यांसकट.

"मग बरूबर. वाट्यांचा आवाज मलाबी येतोय," आबा म्हणाले, आणि हात माझ्या खांद्यावर तसाच ठेवून गावाकडे चालू लागले.